विषय: बारी विमानतळावर गाडी भाड्याने – सासू-सासरे सोबत आहेत

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात सासू-सासरे नाशिकहून आणि दीर पुण्याहून येत आहेत. सगळ्यांनी मिळून आठवडाभर दक्षिण इटलीत, पुलियात जायचं ठरतंय. विमान बारीला उतरतं. आल्बेरोबेल्लो, मातेरा आणि लेच्चे बघायचं आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, म्हणून विमानतळावरच गाडी घ्यावी असं वाटतंय. यांच्याकडे इथलं, ब्रिटनचं लायसन्स आहे, दिरांकडे भारतातलं. दोघं आलटून पालटून चालवणार. तिथल्या विम्याबद्दल आणि दंडाबद्दल बरंच उलटसुलट ऐकलंय. कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि हो, आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत.

---

क्रॉयडनहून

अगं, गाडी जरूर घ्या. आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो हा इत्रियाचा पट्टा गाडीशिवाय कळतच नाही. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, अगदी आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या. मधे लाल माती, ऑलिव्हची झाडं आणि शेतातच उभी असलेली शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरं. आल्बेरोबेल्लोची त्रुल्ली 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत आणि तिथे गर्दीही तशीच असते. पण लोकोरोतोंदोकडे जाताना आडवाटेला लागलात की तीच घरं निवांत दिसतात, कुणाच्या अंगणात कपडे वाळत घातलेले असतात. या वाटा फार अरुंद आहेत. समोरून ट्रॅक्टर आला की आरसे मिटून भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. म्हणून पाच माणसं असली तरी मोठी गाडी घेऊ नका. पाच जण आणि बॅगा मावतील एवढी पुरे, आणि बॅगाही कमी आणा.

आता कागदपत्रं. इथलं फोटोकार्ड लायसन्स तिथे चालतं. दिरांना मात्र आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. तो भारतात आरटीओतून मिळतो, तेव्हा पुण्याहून निघण्याआधीच काढायला सांग. इथे आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. दोघांची नावं डेस्कवर करारात घालून घ्या, दुसऱ्या चालकाचे बहुधा जादा पैसे पडतात. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स असं चालत नाही, लोक तिथेच अडकतात.

विम्याचं असं आहे. भाड्यात मूळ विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिली मोठी रक्कम आपल्याला सोसावी लागते. तिला तिकडे फ्रांकीजिया म्हणतात. तेवढी रक्कम ते कार्डावर अडकवून ठेवतात. ही जोखीम झाकणारा वेगळा विमा इथून आधीच घेतला तर बराच स्वस्त पडतो. फक्त एक लक्षात ठेवा, तो घेतला तरी डिपॉझिट अडकतंच. ओरखडा निघाला तर आधी गाडीवाल्यांना भरायचं आणि मग आपल्या विमा कंपनीकडून परत मागायचं. एका डेस्कवरचा मुलगा आम्हाला ठासून सांगत होता की बाहेरचा विमा इटलीत चालतच नाही. हे खरं नाही. शांतपणे नको म्हणायचं, आणि सही करण्याआधी कागदावर तो जादा विमा चढवलेला नाही ना, हे ओळ न् ओळ वाचायचं. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या कडा, काच आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ काढा. उन्हात घाई झाली तरी काढाच.

दंडाचं मुख्य कारण झेडटीएल, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही असा गावाचा भाग. जुन्या गावांच्या तोंडाशी पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असतं आणि वर कॅमेरा. तिथे 'वार्को आत्तिवो' लिहिलेलं दिसलं की आत जायचं नाही. नकाशातली बाई सांगते म्हणून वळायचं नाही. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे 360 दिवस असतात, त्यामुळे दंड पुढच्या वर्षीही दारात येतो. त्याआधी गाडी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कापते, तो दंड नव्हे. दंड मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर 30 टक्के सूट असते.

लेच्चेला जालच तर पुढे ओत्रान्तोपर्यंत जा. तिथल्या कॅथेड्रलच्या अख्ख्या जमिनीवर बाराव्या शतकातलं मोझेक आहे. वाटेत वाळलेल्या ऑलिव्हच्या बागा दिसतील. 2013 मध्ये तिथे झायलेला नावाचा जीवाणू सापडला आणि शेकडो वर्षांची झाडं गेली. फार वाईट वाटतं ते बघून.

---

ब्रिस्टलहून

काकांनी लिहिलंय ते बहुतेक पटतं, पण लेच्चेसाठी गाडी नकोच. बारी, पोलिन्यानो, लेच्चे हे सगळं रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. आई-बाबांना दीडशे किलोमीटर गाडीत बसवून नेण्यापेक्षा आगगाडी किती तरी सुखाची.

आणि उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका ग. पहाटेचं विमान, झोप नाही, त्यात उजव्या बाजूने चालवायचं. विमानतळावरून शहरात थेट आगगाडी जाते, स्टेशन तिथेच आहे. पहिल्यांदा बारीत राहा. जुन्या भागात बायका दारात टेबल मांडून हाताने ओरेक्किएत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा पास्ता, वळत बसतात, सासूबाईंना तिथून हलवावंसं वाटणार नाही. मग विमानतळावर परत येऊन ताज्या डोक्याने गाडी घ्या. ऑटोमॅटिक मागा आणि आजच ठरवा, कारण त्या कमी असतात. इथे आणि भारतात गिअर डाव्या हाताला, तिथे उजव्या. अरुंद वळणावर ते नको.

मातेराला मात्र गाडीच न्या. अंतर साधारण 65 किलोमीटर, रस्ता चांगला. वाटेत आल्तामुराचा पाव घ्या. सास्सी म्हणजे डोंगरउतारात कोरलेली वस्ती, सगळ्या पायऱ्याच पायऱ्या, आणि तिथेही झेडटीएल आहे. बाबांना खाली उतरवू नका. वरच्या व्हित्तोरिओ व्हेनेतो चौकाच्या कडेला कमानींतून खालची वस्ती दिसते. शिवाय घळीच्या पलीकडे मुर्जा तिमोनेला गाडीने जवळपर्यंत जाता येतं, शेवटी थोडं चालावं लागू शकतं. संध्याकाळी तिथून समोर अख्खं गाव उभं दिसतं.

खाण्याची काळजी करू नका. 'फावे ए चिकोरिए' मागा: घोटलेला बाकला, बाजूला उकडलेली कडसर पालेभाजी, वरून ऑलिव्हचं तेल. पालेभाजीतल्या ओरेक्किएत्तेत मात्र बारीक मासा घालतात, म्हणून 'सेन्त्सा अलिची' असं सांगायचंच.

---

रेडिंगहून

काका, ताई, मनापासून आभार. दिरांना आजच आरटीओचं कळवलं. ऑटोमॅटिक ठरवली, तिसऱ्या दिवशीपासून. लेच्चे आगगाडीने, ओत्रान्तो या वेळी राहू दे. एकच शंका: मातेरातलं हॉटेल झेडटीएलच्या आत दिसतंय. बॅगा आणि बाबांना दारापर्यंत सोडता येईल का?

---

ब्रिस्टलहून

हॉटेलला आधी मेल करून विचार. बऱ्याच ठिकाणी हॉटेलवाले गाडीचा नंबर पालिकेकडे नोंदवतात, मग सोडायला आत जाता येतं. पण भाड्याच्या गाडीचा नंबर हातात येतो तो डेस्कवरच, तेव्हा चावी मिळाली की लगेच पाठव आणि त्यांचा होकार लेखी आल्याशिवाय आत शिरू नका. होकार नाही आला तर वरच्या भागात गाडी ठेवून बाबांसाठी टॅक्सी करा. निळ्या रेघांत पार्किंगचे पैसे पडतात, पांढऱ्यांत फुकट, पिवळ्यांत उभी करायची नाही.

---

क्रॉयडनहून

एक राहिलं. परत देताना टाकी भरलेली हवी. पंपावर 'सेल्फ'ला लावा, म्हणजे आपणच भरायचं; 'सेर्व्हितो', म्हणजे तिथला माणूस भरून देतो ते, महाग असतं. यंत्रात नोट घातली तर सुटे परत येत नाहीत, कार्ड वापरा. पेट्रोल म्हणजे बेन्झिना, डिझेल म्हणजे गासोलिओ. झाकणावर काय लिहिलंय ते बघूनच भरा, आणि पावती जपून ठेवा.

ओत्रान्तो राहिलं याचं मला वाईट वाटतंय, पण ताईंचं म्हणणं बरोबर आहे. आई-बाबांना नमस्कार सांगा.