चवथीच्या (गणपतीच्या) आधी ब्लूबेरी कॉब्लर करून बघायचाय, ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) आणि बिनअंड्याचा, जमेल का?

फोंड्याची_वहिनी
मंडळी जरा मदत करा. धाकट्या दिरांची मुलगी न्यू जर्सीला असते, यंदा चवथीला घरी येतेय, फोनवर म्हणाली काकी तुम्ही मला पातोळ्या करून घाला, मी तुम्हाला ब्लूबेरी कॉब्लर खायला घालते. कॉब्लर म्हणजे फळ आणि पीठ एकत्र भाजलेला अमेरिकन गोड पदार्थ. झालं, तेव्हापासून आमच्या पोरांनी कॉब्लर कॉब्लर करून डोकं खाल्लंय. म्हटलं ती यायच्या आधी आपणच एकदा करून बघावा, म्हणजे तिच्यासमोर अगदीच अडाणी वाटायला नको. तर प्रश्न असे की चवथीत घर पूर्ण शिवराक, म्हणजे अंडं चालणार नाही. ओटीजी मध्यम आहे, आठ इंची चौकोनी भांडं आरामात बसतं. नेटवरच्या रेसिपीत कुणी वर बिस्किट घालतात, कुणी केकसारखं पातळ पीठ ओततात, नक्की खरं काय? आणि बहुतेक जणांची तक्रार दिसते की खाली फळाचं पाणी होतं आणि वरचं पीठ आतून कच्चं राहतं, ते होऊ नये म्हणून काय करायचं? ब्लूबेरी फ्रोजनच मिळेल असं दिसतंय. ताज्याचा भाव ऐकून मी दुकानातून हळूच बाहेर आले 😄

गॅलीतला_बाब
वहिनी, बरीच वर्षं बोटीवर गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) काढलीत, अमेरिकन पॅसेंजर म्हंजे कॉब्लर ठरलेलाच, त्यामुळे यावर बोलू शकतो.

आधी अंड्याचं. बिस्किटवाल्या कॉब्लरमध्ये अंडं मुळातच नसतं, त्यामुळे शिवराक घराला तो एकदम फिट. आता त्यांचं बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, ते मऊ, फुगीर, थोडं खारं असं पावासारखं प्रकरण असतं. त्याची ढेकळं फळावर ठेवायची आणि भाजायचं, खाली पारी वगैरे काही नाही. खाली पारी आली की तो 'पाय' (pie) झाला.

आता पाणी होण्याचं. कॉर्नफ्लोर घट्ट होतं ते उकळी आल्यावर. फ्रोजन फळ बर्फासकट भांड्यात घातलं, वर थंड पीठ टाकलं आणि छोट्या ओटीजीत ढकललं तर मधल्या भागाला उकळी यायला इतका वेळ लागतो की तोवर वरचं करपायला येतं. वरून मस्त लाल, खाली गार रस, आणि त्या गार रसाला टेकलेलं पीठ गिळगिळीत. म्हणून घरच्या ओटीजीला माझं ऐकाल तर फळ आधी गॅसवर शिजवून घ्या. ६०० ग्रॅम फ्रोजन ब्लूबेरी, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात घालून मंद आचेवर ठेवा, पाणी अजिबात घालू नका, पाच-सात मिनिटांत आपोआप रस सुटतो. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर (१५ मिलीचा चमचा, सपाट) थोड्या थंड पाण्यात कालवून त्यात सोडा, ढवळत राहा, रस आधी दुधी दिसेल मग परत चकाकायला लागेल, एक मिनिटभर नीट खदखदू द्या आणि बंद. लिंबू बंद केल्यावरच, एक मोठा चमचा, आणि थोडी साल किसून. आंबट घालून फार वेळ उकळलं की कॉर्नफ्लोर परत सैल पडतं. आणि कॉर्नफ्लोर म्हणजे पांढरं शुभ्र ते, पिवळं मक्याचं पीठ नव्हे.

वरचं: १५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा. ७५ ग्रॅम थंडगार बटर बोटांनी चुरायचं, वाटाण्याएवढे तुकडे दिसायला हवेत, अगदी रवाळ करू नका. आपल्याकडचं पिवळं बटर खारं असतं, मग वेगळं मीठ नको. अमेरिकन रेसिपीत बटरमिल्क लिहिलेलं असतं, ते आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं, तेव्हा दही आणि थोडं दूध फेटून साधारण १२० मिली घ्या. सगळं एकदम ओतू नका, पावसाळ्यात मैद्याने हवेतली ओल धरलेली असते, कमी लागू शकतं. चमच्याने जेमतेम एकत्र केलं की थांबायचं. मळलंत तर चिवट होणार.

ओटीजी आधी १९० डिग्रीला तापवून ठेवा, दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खणात. फळ गरम असतानाच भांड्यात ओता, चमच्याने पिठाची ढेकळं ठेवा, मधेमधे फटी राहू देत, वाफ तिथूनच जाते. वर थोडी साखर भुरभुरवा, आपली जाड दाण्याची साखर मस्त कुरकुरीत होते. २५ ते ३० मिनिटं. झालाय का बघायचं तर मधलं ढेकूळ चमच्याने हलकेच उचला, खालची बाजू पावाच्या आतल्या भागासारखी सुकी दिसली पाहिजे. रंग बघून फसू नका. आणि काढल्यावर अर्धा-पाऊण तास हात लावू नका, रस गार होतानाच धरतो.

कुळागर_काकी
एवढा खटाटोप आणि एवढे पैसे त्या परदेशी फळावर कशाला गं, आपली जांभळं काय वाईट आहेत? रंग तर त्याहून छान येतो.

गॅलीतला_बाब
काकी, चवथीला जांभळं कुठून आणणार, ती जूनमध्येच संपली. कुणी गर काढून फ्रीजरला ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. पण खरं सांगू, जांभूळ शिजवलं की त्याचा तुरटपणा जीभ धरून ठेवतो, चमचाभर सरबतात ठीक, वाटीभर कॉब्लरमध्ये जड होतं. त्यापेक्षा मे महिन्यातली काळी पिकलेली करवंदं बरी. बिया काढायचा कंटाळा नसेल तर आंबटगोड झकास होतो आणि रस स्वतःच दाटतो, कॉर्नफ्लोर निम्म्यावर आणता येतं.

कुळागर_काकी
करवंदाच्या बिया तूच काढ बाबा 😂 मी खाणार फक्त. बरं मग निदान थोडं जायफळ तरी घाला त्यात, आमच्या बागेतलं पडून आहे.

गॅलीतला_बाब
जायफळ चालेल की, ब्लूबेरीशी छान जातं. पण फक्त दोन-तीन वेळा किसणीवर ओढा, श्रीखंडाच्या हिशोबाने घालू नका.

पणजीकर_खवय्या
वहिनी, पुतणी न्यू जर्सीची आहे म्हणून एक गंमत सांगतो, तिच्याशी बोलायला विषय होईल. आज बाजारात मोठ्या दाण्याची जी ब्लूबेरी येते तिची लागवड मुळात तिच्याच राज्यात जमली. त्याआधी लोक रानातून वेचून आणायचे. एलिझाबेथ व्हाइट म्हणून क्रॅनबेरीच्या मळेवाल्याची मुलगी होती आणि फ्रेडरिक कोविल हा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ. हे झुडूप आम्लधर्मी मातीतच नीट वाढतं हे त्याने शोधलं, तिने आसपासच्या लोकांना पैसे देऊन मोठ्या फळांची रानटी झुडपं हुडकून आणवली, आणि १९१६ साली पहिलं विक्रीचं पीक बाजारात गेलं.

आणि कॉब्लर हा तिकडच्या वसाहतवाल्यांचा जुगाड. ओव्हन नाही, मग बिडाच्या जड भांड्यात फळ, वर पीठ, आणि झाकणावरही निखारे. आपल्या बिबिंकाला (थराथरांच्या गोड केकला) वरून निखारे देतात ना, तशीच आच. त्यामुळे ओटीजीत वरचा रॉड बंद ठेवू नका, काही लोक करपेल म्हणून बंद करतात आणि मग पांढरंफट्ट काहीतरी बाहेर येतं. फार लाल व्हायला लागलं तर शेवटी वर फॉइल टाका.

भांड्याचं कुणी बोललं नाही. साध्या अॅल्युमिनियमच्या केकटिनात हे करू नका, आंबट रसाने धातूची चव उतरते. काचेचं किंवा सिरॅमिकचं घ्या. फक्त काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जाऊ देऊ नका, तडकतं.

फोंड्याची_वहिनी
किती छान सांगताय सगळे, देव बरें करूं. गॅलीबाब, दोन शंका. एक म्हणजे ते पातळ पीठ ओतायचं ते काय मग, ते खोटं का? आणि दुसरं, एका व्हिडिओत वरच्या बिस्किटाला खालून हिरवट निळे डाग दिसत होते, बघून कसंतरीच झालं, बुरशी नव्हे ना ती?

गॅलीतला_बाब
बुरशी कसली वहिनी. ब्लूबेरीचा रंग आंबटात लालसर जांभळा राहतो आणि सोडा लागला की निळा-हिरवा पडतो. पिठात सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही की जिथे रस लागतो तिथे डाग. खायला काही वाईट नाही, दिसायला वाईट. मैद्याबरोबर सोडा, पावडर दोनदा चाळून घ्या आणि फळात लिंबू विसरू नका, बस.

पातळ पिठाचा पण खरा आहे, तो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. भांड्यात बटर वितळवायचं, त्यावर मैदा-साखर-दूध-बेकिंग पावडरचं पीठ ओतायचं, ढवळायचं नाही, वरून फळ टाकायचं, भाजताना पीठ स्वतःच फळावर चढून येतं. सोपा आहे आणि त्यालाही अंडं लागत नाही. पण तो फ्रोजन ब्लूबेरीला नको, पाणी सुटून मधोमध चिखल होतो. आंब्याला बरा, पुढच्या वर्षी मानकुराद स्वस्त झाला की करून बघा. ओटवाला चुरा वर घातलेला कुठे दिसला तर तो क्रम्बल किंवा क्रिस्प, त्याला कॉब्लर म्हटलंत तर पुतणी हसेल.

डिचोलीची_सून
मधेच तोंड घालते, पण ब्लूबेरी फक्त ट्रायलला आणि पुतणीसाठी ठेव ना गं. विसर्जन झाल्यावर माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या सजावटीची) सफरचंदं, पेअर, अननस काढतो ते दरवर्षी कुणी खात नाही घरात. त्यांचा कॉब्लर कर! सफरचंदाच्या फोडी बटरवर जरा परतून घ्यायच्या, बाकी बाबने सांगितलं तसंच, कॉर्नफ्लोर निम्मं पुरे कारण त्यांना रस कमी. मी गेल्या वर्षी सासूबाईंना न सांगता केला, त्यांनी दोनदा घेतला आणि मग विचारलं हे काय होतं. फक्त माटोळीला बांधलेली ती रानातली कडू फळं त्यात जाऊ देऊ नकोस 🙈

कुळागर_काकी
हे मात्र पटलं. अननस घालशील तर मला बोलाव.

फोंड्याची_वहिनी
अय्या हे भारी आहे, आमच्याकडे अर्धी फळं गुरांनाच जातात. शेवटचं विचारते, चवथीच्या दिवसात सकाळी वेळ नसतो, नेवऱ्या तळायच्या, पाहुणे, आणि लाइटचा भरवसा नाही. आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

गॅलीतला_बाब
फळ शिजवून फ्रिजमध्ये. मैद्याचं कोरडं मिश्रण बटर चुरून हवाबंद डब्यात, तेही फ्रिजमध्ये. दही मात्र आयत्या वेळीच, कालवलेलं पीठ ठेवलं तर फुगणं तिथेच संपतं. फळ परत चांगलं गरम करायला विसरू नका, गार फळावर पीठ टाकलंत तर एवढं सगळं टायपलेलं फुकट 😄 आणि लाइट मधेच गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंदच ठेवा, पाच-दहा मिनिटांत आली तर फार बिघडत नाही. उरला तर रात्री फ्रिजमध्ये, आपल्या दमट हवेत बाहेर नको. दुसऱ्या दिवशी १६० वर दहा-पंधरा मिनिटं ओटीजीतच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये वरचं लिबलिबीत होतं. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम घ्याल तर डब्यावर हिरवा ठिपका (म्हणजे शाकाहारी, बिनअंड्याचं) बघून घ्या.