प्रशिक्षक बदलून संघ वाचतो का?

काही जण म्हणतात की फुटबॉल संघ घसरू लागला की प्रशिक्षक बदलणं हाच उपाय. मला हे अजिबात पटत नाही. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचंच बघा. १९९५ मध्ये प्रीमियर लीग ही तिथली सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन कंपनीने घेतला. महिनाभरात, संघ १३ व्या क्रमांकावर असताना, प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइसला काढलं. १३ वा क्रमांक म्हणजे काही बुडती होडी नव्हे! त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीनने प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या आणि मे २०१२ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला. पुढच्या हंगामात तर कहर झाला. प्रशिक्षक म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. एवढ्यात खेळाडूंची धड ओळख होत नाही, संघ कधी बांधायचा? २०१७ मध्ये आणखी एक श्रेणी खाली.

याउलट आपल्या गोव्याच्या धेंपो क्लबने प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंना वर्षानुवर्षं ठेवलं आणि राष्ट्रीय लीगची ५ विजेतेपदं मिळवली. मालक पणजीचे, प्रशिक्षक गोंयकार. माझ्या मते या जवळिकीचा वाटा मोठा आहे.

घसरण धेंपोलाही चुकली नाही. २०१५ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून खाली गेले, पण पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकली. दुःख वेगळंच आहे: आय-लीगचा दर्जा कमी करणारा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा न पटल्याने साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे तिन्ही क्लब २०१६ मध्ये त्या स्पर्धेतून बाहेर पडले.