‘लष्करी विमान’ : मॉरिशसला लावायचं कसं?

दाबोळीकर : शाळेच्या प्रदर्शनासाठी एक तक्ता मराठीत करतोय. मथळा दिला ‘छोट्या देशांची लष्करी विमाने’. शेजारचे काका नौदलातून निवृत्त. त्यांनी मथळ्यावरच बोट ठेवलं : लष्कर म्हणजे भूदल, डॉर्नियर विमान लष्कराचं कधीपासून? तक्त्यात सेशेल्स, मॉरिशस, मालदीव आणि श्रीलंका. चौघांकडे कानपूरला बनलेलं डॉर्नियर 228. श्रीलंकेत ते हवाई दलाकडे आहे, मालदीवमध्ये राष्ट्रीय संरक्षण दलाकडे. मॉरिशसला तर सैन्यच नाही. तिथलं तटरक्षक दल पोलीस खात्यात मोडतं, म्हणजे विमान पोलिसांचं! चौघांना चालेल असा एक शब्द सांगा.

पेडणेकर७० : काकांचं बरोबर. ‘तिन्ही सैन्यदले’ म्हणतो आपण, ‘तिन्ही लष्करे’ नाही म्हणत. सैनिकी विमाने लिहा.

मांडवीकाठ : सैनिकी म्हटलं की सैनिकी शाळा आठवते. आणि पेपरात ‘लष्करी उठाव’ छापतात तेव्हा हवाई दल घरी बसलेलं असतं का? लष्करी म्हणजे बिगरनागरी, हा अर्थ रूढ झालाय. पुण्यात तर लष्कर म्हणजे कॅम्प, तिथे लोक खरेदीला जातात.

शुद्धमती : लष्कर मुळात फारसी. सैन्य हा आपला शब्द असताना उसना कशाला?

मांडवीकाठ : ताई, मग ‘लष्कराच्या भाकऱ्या’ कुठे भाजायच्या? सेनेच्या पोळ्या करू या का?

शुद्धमती : थट्टेने प्रश्न सुटत नाही. ‘महापौर’ला आणि ‘दिनांक’लाही लोक असेच हसले होते.

वास्कोचो : सैन्य म्हणा नाहीतर लष्कर, मॉरिशसवाला अडकतोच की. त्यापेक्षा कामावरून नाव द्या. डॉर्नियर करतं काय? समुद्रावर गस्त घालतं. सेशेल्सची जमीन साधारण 455 चौरस किलोमीटर, गोव्याच्या आठव्या हिश्श्याएवढी, पण राखायचा समुद्र तेरा लाख चौरस किलोमीटरच्या वर. चाचे, चोरून मासेमारी करणारे ट्रॉलर, बुडणारी होडी, सगळं त्या दोन पंख्यांच्या विमानानेच बघायचं. त्यांना लढाऊ विमान घेऊन काय करायचंय? दाबोळीच्या नौदल तळावरच्या, म्हणजे आयएनएस हंसावरच्या 310 स्क्वाड्रनकडे आधी अलिझे होती, पाणबुड्या हुडकणारी. नंतर डॉर्नियर आली. आम्ही वास्कोत लहानपणापासून त्यांची घरघर ऐकतोय. ‘गस्ती विमाने’ लिहा आणि मोकळे व्हा.

पेडणेकर७० : गस्त ठरल्या वाटेने घालतात, टेहळणी म्हणजे नजर ठेवणं. डॉर्नियरच्या पोटाखाली रडार असतं, म्हणजे टेहळणी विमान.

दाबोळीकर : पण तक्त्यात पुढे हेलिकॉप्टरं आहेत, मॉरिशसचं ध्रुवसुद्धा. गस्ती विमानांत ती कशी बसवू?

शुद्धमती : त्याआधी मूळ मजकुरातला ‘तटरक्षक’ काढा. तो हिंदीतून आलाय. मराठीत तट म्हणजे किल्ल्याची भिंत. तटावर पहारेकरी असतो, विमान नसतं. किनारारक्षक म्हणा.

मांडवीकाठ : मग ‘तटस्थ’ म्हणजे भिंतीवर बसलेला का? तट म्हणजे काठ, संस्कृतातून सरळ आलेला. मी तर नावातच काठ घेऊन फिरतो.

वास्कोचो : आग्वादच्या किल्ल्यावर या. भिंतही तीच, समुद्रही तोच, दोन्ही अर्थ लागतात.

पेडणेकर७० : आरमाराचंही तेच. पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला शब्द आपण इतका आपला केला की शिवकाळाशिवाय तो आठवत नाही. त्यावर कुणाला आक्षेप आहे?

शुद्धमती : मला आहे. म्हणून तर ‘नौदल’ चांगला.

मांडवीकाठ : आणि मॉरिशसच्या मराठी माणसांना कुणी विचारलंय का? रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून तिथे गेलेल्यांचे वंशज आजही गणेशोत्सव करतात. त्यांच्या पोलिसांच्या विमानाला आपण इथे बसून लष्करी ठरवतोय. ‘सरकारी विमाने’ लिहा. खोटं तरी होणार नाही.

वास्कोचो : सरकारी विमान म्हणजे मंत्र्यांचं, दिल्लीला जाणारं. मुलं तेच समजतील.

दाबोळीकर : ‘संरक्षण आणि पोलीस दलांची विमाने’ असं लांबलचक चालेल? छपाईवाला उद्या मजकूर मागतोय.

पेडणेकर७० : चालेल, पण ‘दलांकडील’ करा. मालदीवचं विमान भारताने दिलेलं आहे, त्यांच्या मालकीचं नाही. ‘ची’ लिहिलंत तर मालकी दिसते.

शुद्धमती : आणि ‘डॉर्नियर’ हा उच्चार कुणी ठरवला? क्लॉड डॉर्नियर जर्मनीत जन्मले, पण वडील फ्रेंच. आडनाव ‘डोर्निए’.

वास्कोचो : वास्कोत डोर्निए म्हणून बघा. लोक विचारतील, बेकरी कुठे उघडली?

शुद्धमती : चुकीचा उच्चार बहुसंख्यांनी केला म्हणून बरोबर ठरत नाही.

मांडवीकाठ : भाषेत दुसरं काय होतं, ताई?