मदत हवी आहे: मुखपृष्ठ नसलेल्या रोमान्स कॉमिकचं साल कसं ओळखायचं?

रद्दीच्या दुकानात एक जुनं अमेरिकन रोमान्स कॉमिक मिळालं. मुखपृष्ठच नाही, त्यामुळे किंमत, अंक क्रमांक, कॉमिक्स कोडचा (कॉमिक्समध्ये काय छापावं याच्या प्रकाशकांनीच घातलेल्या नियमांचा) शिक्का, सगळंच गेलं. जाहिरातींतल्या पत्त्यांत ‘न्यू यॉर्क १७’ असं आहे, झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) नाही. तो १९६३ मध्ये सुरू झाला, म्हणजे त्याच्या आधीचं असावं. ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर कथांची नावं शोधून पाहिली, काही जुळलं नाही. चित्रकाराची सही कुठेच नाही. एका कथेत मुलगी मोठ्या बहिणीच्या मित्रावर जीव लावते. शेवटच्या चौकटीत तिच्या डोळ्यांतलं पाणी काय सुरेख काढलंय! विकायचं नाहीये. कागद ठिसूळ झालाय, स्कॅन जमणार नाही, फोटो देईन. १९५४ मध्ये कॉमिक्स कोड आला, त्याच्या आधीचं की नंतरचं, हे नुसत्या आतल्या पानांवरून कसं ठरवायचं?