गणिताचा प्रोजेक्ट: ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, कुठला रेणू घेऊ?

हरिपूरचं पेव:
नमस्कार मंडळी. सांगलीत टी.वाय.ला आहे, विषय गणित. सरांनी प्रोजेक्टला ग्राफ थिअरी (बिंदू आणि कडांचं गणित) आणि ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन (बेंझीनसारखी वलयं असलेले रेणू) दिलंय. केमिस्ट्री बारावीलाच सुटली. रेणू कुठला घेऊ? आपली हळद आहे, तर तिच्यातलं कुरकुमिन घ्यावं असं डोक्यात आहे. हातात तीन आठवडे.

कंदी पेढा, सातारा:
कुरकुमिन नको. हायड्रोकार्बनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन; त्यात ऑक्सिजन आहे, म्हणजे ते हायड्रोकार्बनच नाही. व्हायवात पहिल्याच पानावर अडकशील. नॅफ्थलीन घे, कपाटातली डांबरगोळी. (पाकीट वाच मात्र, बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात.)

हायड्रोजन सोडून द्यायचे. कार्बन म्हणजे बिंदू, बंध म्हणजे कडा. 10 बिंदू, 11 कडा, एक कड सामाईक असलेले दोन षटकोन. आता प्रत्येक बिंदू नेमक्या एकाच दुहेरी बंधात येईल अशा जोड्या लाव. तुमचं परफेक्ट मॅचिंग, तीच आमची केकुले रचना. बेंझीनला 2, नॅफ्थलीनला 3. हातानेच काढ. सामाईक कडेला लागून असलेला कार्बन 1, त्याच्या पुढे 2 आणि 3 धर: 1-2 हा बंध तीनपैकी दोन रचनांत दुहेरी येतो, 2-3 एकाच रचनेत. आणि प्रत्यक्ष मोजला तर 1-2 खरंच आखूड भरतो! एमएस्सीला हे पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना, तीनदा मोजलं.

भडंग:
एवढं कशाला? व्हायनर इंडेक्स घे. बिंदूंच्या सगळ्या जोड्यांमधली अंतरं (मधल्या कडा मोजून) मिळवायची, नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीत एका ओळीचं काम. आमच्या बॅचला निम्म्यांनी तेच केलं.

कंदी पेढा, सातारा:
म्हणूनच नको :) व्हायनरने 1947 मध्ये तो मांडला तो पॅराफिनच्या उत्कलनबिंदूंसाठी. तीन षटकोनांचे दोन रेणू घे: सरळ रांगेतल्या अँथ्रासीनचा इंडेक्स 279, वाकलेल्या फेनँथ्रीनचा 271. दोघांतही 14 कार्बन, 10 हायड्रोजन. फेनँथ्रीन जास्त स्थिर का, ते या दोन आकड्यांवरून सांगून दाखव. केकुले रचना मोजल्या तर 4 आणि 5. इथे निदान बोलायला जागा आहे.

हरिपूरचं पेव:
दादा, एखाद्या रेणूत जोड्या लागल्याच नाहीत तर?

कंदी पेढा, सातारा:
दादा नाही गं, ताई. जोड्या न लागणारा रेणू हवा तर ट्रायअँग्युलीन. त्रिकोणात रचलेले सहा षटकोन, 22 कार्बन. शेजारशेजारचे बिंदू वेगळ्या रंगांत रंगव: एका रंगाचे 12 येतात, दुसऱ्याचे 10. कशाही जोड्या लाव, दोन उरणारच. म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकटे, आणि रेणू भयंकर चिडका. क्लार या रसायनशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात प्रयत्न केला, हाती लागला नाही. 2017 मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने एकेक रेणू घडवला. शेवटचं प्रकरण याचंच ठेव.

भडंग:
ताई, इंडेक्स मागे घेतला.

हरिपूरचं पेव:
काल रात्री बसले. पण नॅफ्थलीनच्या दोनच येताहेत, तीन नाही.

कंदी पेढा, सातारा:
कागद फिरवला की सारख्या दिसतात त्या दोन तू एकच धरल्यास. कार्बनना 1 ते 10 आकडे दे आणि पुन्हा मोज.