मदत पायजे : विमान उडवायच्या गेममध्ये सेस्नाचा कंपास खोटं दाखवते, संभाजीनगर सापडतच नाही

दारव्ह्याचा_पायलट : राजेहो लवकर सांगा, बारा वाजता लाइन जाते. नागपूरहून उडालो, 250 अंशाची दिशा धरून सरळ संभाजीनगर, दोन तासानं खाली पाहतो तं अजिंठ्याचे डोंगर. कंपास खराब आहे का गेमच?

संत्राकाका : जॉयस्टिक कॅलिब्रेट कर. माझंही असंच होत होतं.

हेडिंगवाला : काका थांबा. गेम कोणता, त्यात वारा चालू होता का, अन् कंपास म्हणजे वरचा तरंगता की पॅनलवरचा गोल?

दारव्ह्याचा_पायलट : एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर), काट्याच्या मीटरवालं सेस्ना 172, वारा बंद. गोल. वरचा कोण पाहते?

हेडिंगवाला : मंग तो कंपास नाहीच भाऊ, जायरो आहे, म्हणजे आत जोरात फिरणारं चाक. त्याले उत्तर दिशा कळत नाही, तू लावून देशील तेच धरून बसते. चाक जागच्या जागी ताठ, खालून पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, नागपूर 21 अक्षांशावर म्हणून 15 गुणिले साइन 21, तासाला साडेपाच अंशाच्या जवळपास फरक. खऱ्या विमानात आपल्याइकडे गोलावरचा आकडा कमी होत जाते, तू 250 धरून ठेवतो अन् उजवीकडे सरकतो. बेअरिंगचं घर्षण वेगळंच.

अमरावतीकर : एवढं कशाला? गेमच्या रिअ‍ॅलिझम सेटिंगमधून जायरो ड्रिफ्टची (जायरो सरकण्याची) टिक काढ, विषय संपला.

जुनी_खुर्ची : टिकच काढायची तं एसटीनं जा ना.

अमरावतीकर : सगळ्यायले लायसन नाही काढायचं गुरुजी.

बिट्टू_वर्धा : रॅम किती आहे?

दारव्ह्याचा_पायलट : रॅमचं काय मधातच? अन् काल मी गोल वरच्या कंपासशी जुळवला होता नॉब फिरवून, तं उलट परभणीकडे गेलो!

हेडिंगवाला : कधी जुळवलं?

दारव्ह्याचा_पायलट : 32 नंबरच्या धावपट्टीवरून (320 अंशाकडे तोंड) उडालो, डावीकडे वळता वळता.

हेडिंगवाला : घ्या. उत्तरेकडे तोंड असताना वळलं की तरंगता कंपास मागे राहते, अन् पूर्व-पश्चिम जाताना वेग वाढवला तरी बहकते. पंख सरळ, वेग एकसारखा, मंगच वाच. दर 10-15 मिनिटाला गोल त्याच्याशी जुळव. नाहीतर कीबोर्डवर डी दाब, गेमच जुळवून देते.

दारव्ह्याचा_पायलट : पण मी तं ऑटोपायलटवर होतो, हेडिंग मोड (दिलेली दिशा धरणारा). त्यालेही कळत नाही का?

जुनी_खुर्ची : तो त्याच गोलावरचा बग (दिशा लावायची खूण) पाहून चालते. आंधळ्याचा हात आंधळ्यानं धरला.

संत्राकाका : जॉयस्टिकचं पाहिलं का रे?