आठ जीबी रॅम बसवली, वापरायला मिळते ३.१६. माझं विंडोज ३२ की ६४, ते कसं बघू?

कंपोझिंगवाली, शनिवार पेठ

नमस्कार मंडळी. शनिवार पेठेत माझं कंपोझिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे वाड्यातली जिन्याखालची खोली. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, आणि पावसाळा सरत आला की दोन दिवाळी अंकांची पानं.

मशीन २०१२ सालचं. आय-थ्री, विंडोज सेव्हन, चार जीबी रॅम. त्यावर पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉण्टचं एक जुनं सॉफ्टवेअर. त्याचं लॉक, म्हणजे चावीसारखी एक छोटी डबी, मशीनच्या मागे लावलेलं असतं. ते काढलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, म्हणून झाडू मारणाऱ्या मावशींनासुद्धा मी त्या कोपऱ्यात जाऊ देत नाही.

यंदा अंकाची १९२ पानांची फाइल उघडायला इतका वेळ लागायला लागला की तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन परत येता येतं. भाचा म्हणाला, "मावशी, रॅम वाढव." मग तपकीर गल्लीत जाऊन नऊशे रुपयांना जुनी चार जीबीची पट्टी आणली. भाच्यानं बसवलीसुद्धा. वेग मात्र होता तोच! माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, तर तिथे लिहिलंय, इन्स्टॉल्ड मेमरी ८.०० जीबी, आणि पुढे कंसात ३.१६ जीबी युजेबल. म्हणजे चारची आठ झाली आणि त्यातली जवळपास पाच हवेत गेली.

ज्यांच्याकडून पट्टी घेतली त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं विंडोज ३२ असणार. मशीन घेऊन या, पाचशेत ६४ टाकून देतो. पट्टी परत होणार नाही." आता माझे दोन प्रश्न. हे ३२ की ६४ माझं मला कुठे बघता येईल? आणि ६४ टाकलं तर माझं लॉक, माझे फॉण्ट, माझा जुना लेझर प्रिंटर चालेल का? फॉरमॅट हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

(हे मोबाइलवरून लिहितेय. त्या मशीनला इंटरनेट दिलेलंच नाही.)

बिबवेवाडीचा बंटी

सोपं आहे ताई. सी ड्राइव्हमध्ये विंडोजचं फोल्डर उघडा. आत सिस्टिम३२ नावाचं फोल्डर दिसलं की तुमचं ३२. विषय संपला.

निवृत्त संगणककाका, कोथरूड

बंटी, विषय संपला नाही, बिघडला. सिस्टिम३२ हे फोल्डर दोन्ही प्रकारच्या विंडोजमध्ये असतं. उलट ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात. ज्यानं ही नावं ठेवली त्याला पेठेतला पत्ता शोधायला पाठवायला हवं. जुने प्रोग्रॅम सिस्टिम३२ हे नाव धरून बसलेले होते, म्हणून ते बदलता आलं नाही.

ताई, तुम्ही जिथे ३.१६ वाचलंत त्याच्या लगेच खालची ओळ वाचायची राहिली. सिस्टिम टाइप. तिथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम किंवा ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या खिडकीत जायला विंडोजचं बटण धरून पॉझ-ब्रेकचं बटण दाबलं तरी चालतं. दुसरी घरगुती खूण म्हणजे सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्स नावाची फोल्डरं किती आहेत ते बघा. एकच असेल तर ३२. दोन असतील आणि एकाच्या पुढे कंसात एक्स८६ असेल तर ६४.

पण तुमचं ३२च निघणार, ३.१६ आकडाच ते सांगतोय. बत्तीस बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात. एक पत्ता म्हणजे एक बाइट, म्हणजे झाले बरोबर चार जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स आणि बोर्डावरची इतर यंत्रं आधीच अडवून बसतात. उरतात तीन आणि वर थोडे. तुमची दुसरी पट्टी चांगली आहे, खोलीही बांधलेली आहे. पोस्टमनकडे तिचा पत्ता नाही, इतकंच.

कंपोझिंगवाली, शनिवार पेठ

काका, बघितलं. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोग्रॅम फाइल्सही एकच आहे. म्हणजे गल्लीवाले खोटं बोलत नव्हते. पट्टी देतानाच विचारलं असतं तर माझे नऊशे वाचले असते, पण असो.

आता नवा घोळ. भाच्यानं फोनवर मशीनची माहिती दाखवणारं एमएसइन्फो३२ चालवायला सांगितलं. त्यात सिस्टिम टाइपपुढे एक्स८६-बेस्ड पीसी असं आलंय. ८६ म्हणजे ६४ पेक्षा जास्तच झालं की! मग हे मशीन ६४ घेईल की नाही?

निवृत्त संगणककाका, कोथरूड

हा प्रश्न मला कारखान्यात दर पावसाळ्यात कोणीतरी विचारायचंच. ते ८६ बिटांचं नाही. इंटेलची १९७८ सालची ८०८६ नावाची चिप होती, तिच्या वंशातले २८६, ३८६, ४८६ आपल्यातल्या जुन्या लोकांनी वापरलेत. त्या घराण्याचं नाव एक्स८६. विंडोजच्या भाषेत नुसतं एक्स८६ म्हटलं की ३२ बिट. ६४ ला एक्स६४ म्हणतात.

आणि एमएसइन्फोच्या त्या ओळीवर जाऊन प्रोसेसरला नावं ठेवू नका. ३२ बिटचं विंडोज चालू असताना प्रोसेसर ६४ चा असला तरी ती ओळ एक्स८६ दाखवते. विंडोजचा प्रकार आणि प्रोसेसरचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज सेव्हनमध्ये प्रोसेसरचं खरं उत्तर कंट्रोल पॅनेलमध्ये मिळतं. परफॉर्मन्स इन्फर्मेशन अँड टूल्स उघडा, तिथे सविस्तर माहिती बघायचा दुवा आहे. त्यात ६४-बिट केपेबल अशी ओळ असते, पुढे येस किंवा नो. तुमचं येस येणार. तुमचा आय-थ्री तर सोडाच, २००६ च्या कोअर टू ड्युओपासून घरगुती मशीनमधले बहुतेक प्रोसेसर ६४ बिटचेच आहेत. त्या काळात बसवणारे सवयीनं ३२ टाकून द्यायचे, कारण प्रिंटरचे ड्रायव्हर (प्रिंटरची विंडोजशी ओळख करून देणारे प्रोग्रॅम) ३२ चेच असायचे.

पेंग्विनप्रेमी, वारजे

कशाला हा त्रास? विंडोजऐवजी लिनक्स टाका. टर्मिनलमध्ये यूनेम, जागा सोडून डॅश एम, एवढंच लिहायचं. एक्स८६-६४ आलं की ६४, आय६८६ आलं की ३२. एका ओळीत उत्तर.

खिळे जुळवलेला, नारायण पेठ

पेंग्विनराव, त्यांचं पेजमेकर आणि लॉक घेऊन तुमच्या घरी यायला सांगू का?

ताई, तुमच्या धंद्यातलाच मी. वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकलो, नंतर कंपोझिंगवर आलो. जे सांगतोय ते स्वतः हात भाजून घेऊन सांगतोय. काही वर्षांपूर्वी मीही असाच कोणाच्या तरी सांगण्यावरून मशीन फॉरमॅट करून घेतलं. संध्याकाळी मशीन घरी आलं, छान चकचकीत, ६४ बिट. लॉक लावलं तर सॉफ्टवेअर म्हणतंय लॉक सापडत नाही. लॉक ठणठणीत होतं. ६४ बिटच्या विंडोजला ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो, आणि माझ्या त्या जुन्या लॉकचा ६४ चा ड्रायव्हर कधी निघालाच नव्हता. प्रोग्रॅम ३२ चा असला तर ६४ वर बहुतेक चालून जातो, ड्रायव्हर मात्र अजिबात नाही. स्कॅनरही त्याच दिवशी गेला. त्यातून अनेक जुन्या सॉफ्टवेअरचा सेटअप १६ बिटचा असतो, तो ६४ वर सुरूच होत नाही. सीडी हातात असून उपयोग नाही. एका काकांची पंच्याहत्तरीची स्मरणिका अर्धी झालेली होती. फायली होत्या, पण फॉण्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखा चालणारा, नव्हता, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर उघडल्या की काकांच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. आठ दिवसांनी जुनं ३२ परत टाकलं तेव्हा जेवण गोड लागलं.

म्हणून आधी लॉक ज्यांनी दिलं त्यांना विचारा, ६४ चा ड्रायव्हर आहे का. प्रिंटरचंही तसंच. आणि तरी करून बघायचंच असेल तर जुन्या हार्ड डिस्कला हात लावू देऊ नका. ती काढून कपाटात ठेवा, नव्या डिस्कवर प्रयोग करा. जमलं नाही तर जुनी परत लावली की होतं तसं.

निवृत्त संगणककाका, कोथरूड

खिळेवाल्यांशी शंभर टक्के सहमत. ३२ वरून ६४ वर जाताना नुसतं अपग्रेड होत नाही, सगळं नव्यानंच टाकावं लागतं. पाचशे रुपयांत ते तेच करून देणार होते, तुमच्या फॉण्टांसकट पुसून.

आणखी एक, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. तो प्रोग्रॅमच ३२ बिटचा. ६४ चं विंडोज टाकलंत, आठच्या आठ जीबी दिसायला लागल्या, तरी तो आपल्यापुरत्या दोन जीबीच्या पलीकडे जाणार नाही. त्यामुळे तुमच्या चहाच्या वेळेत फरक पडला नसताच. फाइलमध्ये जाहिरातींचे फोटो कसले आहेत?

कंपोझिंगवाली, शनिवार पेठ

जाहिरातदार व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात ते. मोबाइलचे मोठेच्या मोठे. मी पानात लावून तिथेच खेचून लहान करते.

खिळे जुळवलेला, नारायण पेठ

अहो ताई! दिसायला लहान होतो, फोटो आतून तेवढाच राहतो. पाव पानाच्या जाहिरातीला अख्ख्या भिंतीचा फोटो. आधी फोटोशॉपमध्ये पानावर हवा त्या मापाचा करा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, मग पानात लावा.

कंपोझिंगवाली, शनिवार पेठ

चार दिवसांनी लिहितेय, अंक मार्गी लागला.

लॉकवाल्यांना फोन केला. त्यांनी मॉडेल विचारलं आणि सांगितलं, या लॉकला ६४ नाही, नवं घ्यावं लागेल. किंमत ऐकून मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. ६४-बिट केपेबलपुढे काका म्हणाले तसं येसच होतं. म्हणजे मशीन तयार आहे, लॉक तयार नाही. तर ते मशीन ३२ वरच राहील. तसंही त्याला इंटरनेट नाही, त्यामुळे सेव्हनची सुरक्षा २०२० च्या जानेवारीत बंद झाल्याचं त्याला कोणी कळवायला येणार नाही.

तेहेतीस जाहिरातींचे फोटो खिळेवाल्यांनी सांगितलं तसे मापात केले. दोन संध्याकाळी गेल्या. आता फाइल उघडेपर्यंत फार तर चष्मा पुसून होतो.

राहिली ती पट्टी. दुकानात बाहेरच्या टेबलावर दुसरं मशीन आहे, त्यावर मुलगी ऑनलाइन फॉर्म भरून देते. त्यावर विंडोज टेन. तिथे माय कॉम्प्युटरच्या भानगडीत न पडता सेटिंग्ज, सिस्टिम आणि अगदी तळाशी अबाउट असं गेले. या वेळी पट्टी लावायच्या आधी. तिथे एकाच ओळीत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. पट्टी डीडीआर-थ्री प्रकारची, ते मशीनही डीडीआर-थ्रीचं, हे भाच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग बसवली. ८.०० जीबी, कंसात ७.८८ युजेबल. मुलगी म्हणते, आता फॉर्मची साइट, पीडीएफ आणि तिची गाणी एकदम चालतात.

बंटी, त्या मशीनवर सिस्टिम३२ आहे बरं का. बघितलं मी.

बिबवेवाडीचा बंटी

माझ्याही आहे. आणि माझं ६४ निघालं. इतकी वर्षं मी सगळ्यांना उलटं सांगत होतो.